मीटिअर ३५०ची चाकं: नवी घ्यावीत की आहेत तीच रंगवावीत?

रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० दोन-तीन पावसाळे चालली की इंजिनाच्या आधी तिची चाकं म्हातारी दिसायला लागतात. मग मालक दोनपैकी एका वाटेला लागतो: बाजारातली नवी डिझायनर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची ओतीव चाकं, नाहीतर जुन्याच चाकांवर पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पावडर फवारून भट्टीत भाजणं. फसायला वाव दोन्हीकडे आहे, फक्त जागा वेगळ्या. आमचं मत आधीच सांगून टाकतो. चाक सरळ असेल आणि त्याला तडा नसेल, तर कंपनीचंच चाक ठेवा आणि सगळा खर्च त्याच्या फिनिशवर करा. रंग कोणता हे नंतर ठरवा. बेअरिंग कोण काढणार आणि मास्किंग (रंग नको त्या जागा झाकणं) कोण करणार, हे आधी विचारा.

मुळातलं चाक

नोव्हेंबर २०२० मध्ये गाडी आली तेव्हापासून पुढे १००/९०-१९ आणि मागे १४०/७०-१७ ही टायरची मापं आहेत (रुंदी मिलीमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचा व्यास इंचांत). फायरबॉल, स्टेलर आणि सुपरनोव्हा या गाडीच्या तिन्ही प्रकारांना ट्यूबलेस अलॉय. फायरबॉलचं चाक काळं, रिमवर रंगीत पट्टी. सुपरनोव्हाचं चाक काळं, पण दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत ठेवलेला. २०२३ मध्ये आलेल्या ऑरोराला मात्र तारांची चाकं, म्हणजे आत ट्यूब.

तिन्हींत सर्वात देखणं चाक सुपरनोव्हाचं, आणि सर्वात आधी खराब होणारंही तेच. कापलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लॅकर असतं. खडी उडून लॅकरला टाचणीएवढा टोचा पडला की तिथून पाणी आत शिरतं. मग लॅकरच्या खाली पांढऱ्या अळ्या सरपटत गेल्यासारख्या रेघा दिसू लागतात. नखानं खरवडलं तर वरचा थर गुळगुळीतच लागतो, कारण सडण त्याच्या खाली चाललेली असते. पॉलिश घासून हे जात नाही. रत्नागिरी, अलिबाग, मुंबईच्या खाऱ्या हवेत हा रोग घाटावरच्यापेक्षा फार लवकर धरतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं केवळ चाकांच्या चकाकीसाठी सुपरनोव्हा घेऊ नये, असं आम्ही स्पष्टच म्हणू.

फायरबॉलचं काळं चाक साधं आणि टिकाऊ. पट्टीचा गोंद उन्हानं सुटतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. ऑरोराच्या तारा दिसायला छान, पण पंक्चर झालं की ट्यूबची हवा एका दमात जाते आणि चाक काढल्याशिवाय काम होत नाही. १९१ किलोची गाडी हायवेच्या कडेला उचलून चाक काढायची कोणाला हौस असेल तर त्यानं जरूर घ्यावी.

बाजारातली नवी अलॉय

इथे लोक डिझाइन बघतात आणि माप विसरतात. पहिली गोष्ट म्हणजे चाकावर आयएसआय खूण आहे का ते बघा. हलक्या धातूच्या दुचाकी चाकांसाठीचं मानक आयएस १६१९२, भाग १ आहे. चाकावर रिमचं मापही ओतलेलं असतं. त्यात एमटी ही दोन अक्षरं हवीत. एमटी रिमला टायरची कड जिथे बसते तिथे आतून एक उंचवटा असतो, त्यामुळे हवा गेली तरी कड लगेच मधल्या खोलगट भागात घसरत नाही. ही खूण नसलेलं चाक 'ट्यूबलेस आहे साहेब' असं दुकानदार कितीही म्हणाला तरी घेऊ नका.

रुंदीचं गणितही तिथेच करून टाका. १४०/७०-१७ टायरला साडेतीन ते साडेचार इंच रुंदीची रिम चालते, १००/९०-१९ ला सव्वादोनच्या किंचित खालपासून पावणेतीनपर्यंत. जाड दिसावा म्हणून मागे १५०/७०-१७ चढवला तर टायरचा व्यास सुमारे १४ मिलीमीटरनं वाढतो आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलीमीटर जागा जाते. चेनच्या बाजूला ही पाच मिलीमीटर आहेत का, ते चेन ओढून नाही, तर मागे डबलसीट बसवून सस्पेन्शन दबलेलं असताना बघायचं असतं.

पुढचं १९ काढून १७ बसवण्याची टूम तर आम्हाला मुळीच पटत नाही. ११०/८०-१७ टायर धरला तर पुढच्या चाकाचा व्यास ६६२ वरून ६०८ मिलीमीटरवर येतो, म्हणजे गाडीचं तोंड जवळपास २७ मिलीमीटर खाली बसतं. हँडल हलकं होतं, सरळ रस्त्यावरचा तो क्रूझरचा ठामपणा जातो, आणि साइड स्टँडवर गाडी वेगळीच कलते. त्याहून मोठी अडचण एबीएसची, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची एकमेकांशी तुलनाही ते करतं. मुळात मागचं चाक पुढच्यापेक्षा साडेपाच टक्के जास्त फेरे घेतं. १७ बसवल्यावर उलट पुढचंच चाक तीन टक्क्यांनी जास्त फिरायला लागतं. एवढा फरक पडला की मीटरमधला पिवळा दिवा लागून बसायची शक्यता असते, आणि दिवा लागला म्हणजे एबीएस गेलं.

एबीएसची दातेरी रिंगही बघा. ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर बसते आणि सेन्सरपासून साधारण एक मिलीमीटरवर फिरते. बाहेरच्या चाकाचा हब जरा जरी कमी-जास्त जाड असला तर हे अंतर बिघडतं. दुकानात एवढं करा: आपली ३०० मिलीमीटरची पुढची आणि २७० ची मागची डिस्क नव्या चाकावर ठेवून बोल्टची सगळी भोकं एकाच वेळी जुळतात का बघा. मागच्या हबमध्ये स्प्रॉकेटच्या (चेन फिरवते त्या दातेरी चक्राच्या) ड्रमची रबरं न ठोकता बसतात का तेही बघा. 'थोडं घासून घेऊ' असं कोणी म्हणालं की चाक तिथेच ठेवून बाहेर पडा.

जुळणारं, खूण असलेलं चाक मिळालं तरी ते कंपनीच्या चाकापेक्षा मजबूत असेलच असं नाही. दिसणं सोडून त्यातून काय मिळालं, याचं उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही' असंच येतं.

तारांच्या चाकाला आतून सीलंट किंवा टेप लावून ट्यूबलेस करणारेही आहेत. नियम तोच: रिमला आतून उंचवटा असेल तरच. नाहीतर सीलंट कितीही भारी असलं तरी हवा गेल्यावर टायर रिमवर टिकणार नाही. आणि सील करण्याआधी चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, कारण नंतर निपल, म्हणजे तार आवळायची नट, फिरवला की तिथलं सील तुटतं. पान्यानं एकेक तार वाजवून बघावी. घट्ट तार खणखणीत बोलते, ढिली बद्द आवाज करते.

पावडर कोटिंग: खरी कसोटी इथे

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठेही गेलात तरी पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणारे शेड सापडतील. त्यांचं रोजचं काम लोखंडी ब्रॅकेट, ग्रिल, फर्निचर. ॲल्युमिनियमचं चाक त्यांच्यासाठी आडगिऱ्हाईक असतं, आणि गडबड नेमकी तिथे होते. 'आमच्याकडे सेव्हन टँक आहे' हे ते अभिमानानं सांगतात. ती सात टाक्यांची धुलाई लोखंडासाठी असते: गंज काढायला ॲसिड, मग फॉस्फेट. ॲल्युमिनियमला गंज नसतो. त्या ॲसिडनं धातूच खाल्ला जातो. जुना रंग काढायला कॉस्टिकच्या टाकीत चाक बुडवणारा तर त्याहून वाईट. कॉस्टिक ॲल्युमिनियमशी फसफसून झगडतं आणि चाक खडबडीत, काळपट होऊन बाहेर येतं. म्हणून पहिला प्रश्न हा: ॲल्युमिनियमसाठी वेगळी पूर्वप्रक्रिया आहे का? क्रोमेट किंवा झिर्कोनियमची असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे.

चाक त्यांच्याकडे द्यायच्या आधी ते पूर्ण उघडं करून द्या. टायर, व्हॉल्व्ह, डिस्क, एबीएस रिंग, सील, दोन्ही बेअरिंग, त्यांच्या मधली स्पेसर नळी, स्प्रॉकेटचा ड्रम, त्यातली रबरं, सगळं बाहेर. बेअरिंग आत ठेवूनच भट्टीत चाक घालणारे आहेत. भट्टी १८० ते २०० अंशांवर असते. तेवढ्या तापात बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन वाहतं, रबरी सील कडक होतं, आणि ओघळलेल्या ग्रीसवर पावडर धरत नाही. वर गाडी जोडल्यावर महिनाभरात बेअरिंग घूं-घूं करायला लागतं ते वेगळंच. नव्या बेअरिंगचे पैसे अंदाजात आधीच धरा. ठोकून काढलेलं जुनं बेअरिंग परत बसवू नये.

रंग निघाल्यावर चाक तपासायची संधी पुन्हा येत नाही. लाल डाय लावायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. आरा जिथे हबला आणि जिथे रिमला मिळतो त्या खाचा नीट बघा. रेघ दिसली की चाक भंगारात, कितीही जीव तुटला तरी. आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. ही चाकं ओतल्यानंतर उष्ण प्रक्रियेनं कडक केलेली असतात, वेल्डच्या आजूबाजूचा कडकपणा उतरतो, आणि पुढचा खड्डा तिथेच घाव घालतो. गॅसचा टॉर्च मारून वाकलेली कड सरळ करणाऱ्यांबाबतही तेच. कडेला मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा पोचा असेल तर थंड प्रेसवर सरळ करता येतो. त्यापुढे नको.

मग ब्लास्टिंग. काचेचे मणी किंवा बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड, दाब ४० ते ६० पीएसआय. पोलादी ग्रिट अजिबात नको. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि वर्षभरानं कोटिंगमधून तांबूस ठिपके फुटतात. ब्लास्टिंगच्या आधीच बेअरिंगची घरं आणि डिस्क बसते ती पृष्ठभागाची जागा झाकलेली हवी, नंतर झाकून उपयोग नाही.

ओतीव ॲल्युमिनियममध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत हवा, तेल अडकलेलं असतं. पावडर मारून थेट भाजलं की ही हवा वितळत्या थरातून बुडबुडा होऊन निघते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. म्हणून चाक आधी रिकामंच अर्धा तास भाजून घ्यायचं, थंड झालं की मग पावडर. घाईच्या शेडमध्ये सर्वांत आधी गाळली जाणारी पायरी हीच. पण भाजायचं म्हणून २२०-२३० पर्यंतही नेऊ देऊ नका. चाकाचा कडकपणा १५०-१७० अंशांच्या आसपासच्या प्रक्रियेतून आलेला असतो. २०० च्या वर जास्त वेळ ठेवलं की तो उतरू लागतो. म्हणूनच तेच चाक चार वेळा रंग बदलून भाजणं आम्हाला मान्य नाही. आयुष्यात एकदा, फार तर दोनदा.

मास्किंगमध्ये कोण किती पाण्यात आहे ते कळतं. तापमान सोसणारी हिरवी टेप आणि सिलिकॉनची बुचं लागतात. साधी खाकी टेप भट्टीत जळते आणि तिचा गोंद चिकटून बसतो. या जागांवर पावडरचा कणही नको: बेअरिंगची घरं, डिस्क आणि स्प्रॉकेट टेकतात ते पृष्ठभाग, सगळे आटे, स्पेसर टेकतो ती हबची कड. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. बेअरिंगच्या घरात तो बसला तर बेअरिंग शिरतच नाही, किंवा ठोकून शिरवलं की आवळून बसतं आणि गरम होतं. डिस्कच्या खाली बसला तर आज बोल्ट घट्ट लागतात, पण प्लास्टिकसारखा तो थर हळूहळू दबतो आणि बोल्ट आपोआप ढिले पडतात. डिस्क किंचित तिरकी बसून ब्रेक लावताना लिव्हरमध्ये धकधक जाणवते ती बऱ्याचदा यामुळेच. टायरची कड बसते तिथे पातळ थर चालतो. तिथे जाड थर ओघळला असेल तर हवा हळूहळू उतरत राहते आणि पंक्चरवाला खिळा शोधत बसतो.

पावडर पॉलिएस्टरचीच मागा. इपॉक्सी पावडर चिकटते झकास, पण उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते. ती घरातल्या वस्तूंसाठी. इंटरपॉन, जोतुन अशी नावाजलेली पावडर असेल तर खोका दाखवा म्हणावं, त्यावर प्रकार आणि भाजण्याचं तापमान छापलेलं असतं. ते तापमान धातूचं आहे, भट्टीतल्या हवेचं नाही. जाड हबला तापायला पातळ कडेपेक्षा जास्त वेळ लागतो. हवा २०० झाली की घड्याळ लावणाऱ्याचं चाक कडेला पक्कं आणि हबजवळ कच्चं निघतं. कच्चेपणा ओळखायचा तर हबच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, एमईके (रंग विरघळवणारं द्रावण) किंवा थिनरचा बोळा जरा जोरात घासून बघा. चमक थोडी कमी झाली तर ठीक. बोळ्यावर रंग उतरला किंवा जागा चिकट झाली तर चाक परत भट्टीत.

फवारल्यावर आणि भट्टीत जाण्यापूर्वी चाक पीठ माखल्यासारखं दिसतं, बोट लागलं तर तिथे उघडा धातू. आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पीठ विरळ दिसतं का, ते याच क्षणी बघायचं. विजेच्या भारामुळे पावडर खोल कोपऱ्यात शिरायला नाखूश असते आणि उघड्या कडांवर ढीग करते. चांगला कारागीर गनचं व्होल्टेज कमी करून कोपरे आधी भरतो. आणखी एक, जुलै-ऑगस्टमध्ये काम देणार असाल तर कॉम्प्रेसरला ड्रायर आहे का विचारा. ओल्या हवेत पावडर गुठळ्या धरते आणि थरावर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं.

रंग आणि बाकीचे पर्याय

मॅट काळा फोटोत उठून दिसतो, पण मागच्या चाकावर चेनचं तेल उडालं की डाग पुसता पुसत नाही. सॅटिन घ्या, निम्मा त्रास वाचतो. रंगाचं नाव तोंडी न सांगता राल क्रमांक, म्हणजे रंगछटांचा ठरलेला क्रमांक द्या: काळ्यासाठी ९००५, करड्यासाठी ७०१६, चांदीसारख्यासाठी ९००६. मीटिअरच्या क्रोम सायलेन्सरच्या जोडीला ७०१६ आमच्या डोळ्याला सर्वांत बरा वाटतो. लाल किंवा सोनेरी आवडत असेल तर ज्याची त्याची मर्जी.

सुपरनोव्हाचा कापलेला भाग पुन्हा लेथवर कापून देणारी दुकानं आहेत, पण बहुतेकांची जिग (चाक पकडायची चौकट) मोटारीच्या चाकाची असते. दर कापणीला धातूही कमी होतो. आमच्या मते हे चाक पूर्ण सॅटिन काळं करून त्या अळ्यांचा प्रश्न कायमचा मिटवावा.

अलॉयवर क्रोम प्लेटिंग करू नका, टायरच्या कडेखाली ते सुटतं आणि हवा जाते. ऑरोराच्या रिमवर जिथे क्रोम असेल तिथे ते उतरवल्याशिवाय पावडर मारायची नाही, गुळगुळीत क्रोमवर ती पापुद्र्यासारखी निघते. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, हा भट्टीशिवायचा चांगला पर्याय आहे, पण इच प्रायमर (धातूला रंग धरवणारा पहिला थर) हवाच आणि टायर चढवण्याआधी आठवडाभर सुकू द्यावा लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून फवारणं म्हणजे फुप्फुसाशी वैर, योग्य मास्क लागतो. स्प्रेच्या डब्याबद्दल एवढंच की ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला की रंग सुरकुततो.

जोडणी

नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, हब शंभर अंशांच्या आसपास तापवा, आणि बाहेरच्या कड्यावरच दाब देऊन बसवा. आतल्या कड्यावर ठोकलं की नवं बेअरिंग तिथेच गेलं. एक बाजू बसवल्यावर स्पेसर नळी आत टाकायला विसरू नका. ती राहिली तर ॲक्सल आवळताना दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे दाबून चिरडली जातात. डिस्कचे बोल्ट नवे, त्यावर मध्यम ताकदीचं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद), आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे.

टायरवाल्याकडे लोखंडी पट्ट्या असतील तर रिमवर ठेवायला प्लास्टिकचे तुकडे घेऊन जा, ऑइलच्या जुन्या कॅनचे कापले तरी चालतात. व्हॉल्व्ह नवा घ्या, जुना परत नको. टायरवर रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणा आणि बॅलन्सिंग करून घ्या. चिकट वजनं लावायच्या जागी आधी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसून घ्या, सॅटिन पृष्ठभागावर ती सहज सुटतात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर डिस्कचे आणि स्प्रॉकेटचे बोल्ट पुन्हा पान्यानं बघायचे.

चाक ताब्यात घेताना शेडवाल्याकडून राल क्रमांक बिलावर लिहून घ्या. त्याच रंगाची छोटी टू-के बाटली पेंटच्या दुकानातून मिसळून आणा. पावडरला टचअप नसतो, आणि पहिला टोचा बहुधा पहिल्याच महिन्यात पडतो.